उकडीतला वाटा

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गच्चीवर चला. जिना चढताना आवाज करू नका. दुपार आहे आणि दुसऱ्या मजल्यावरचे लोक रात्रपाळी करून येऊन झोपलेले आहेत. आलात वर? आता बघा. एप्रिलचं ऊन आहे. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत जुन्या चादरी अंथरल्या आहेत आणि त्यांच्यावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड सुकताहेत. ओले असतात तेव्हा ते काळपट दिसतात, मग हळूहळू रंग उतरतो आणि कडा उचलायला लागतात. तुम्ही टाकीच्या सावलीत बसलेले आहात. एका हातात कावळे हाकायची काठी आहे. दुसऱ्या हातात वाटी आहे, वाटीत गरम उकड, उकडीच्या मधोमध बोटाने केलेला खड्डा आणि त्या खड्ड्यात कच्चं तेल. कावळे हाकल्याबद्दल मिळालेला हा तुमचा पगार.

दिसलं सगळं? नीट बघून घ्या, कारण आता त्या गच्चीवर यातलं काही नाही. एक हिरवी जाळी आहे. ती एका बाजूने सुटली आहे आणि वारा आला की फडफडते. खाली आमच्या घरात आम्ही दोघं जेवत असलो की तो आवाज ऐकू येतो. मग मी म्हणतो, जाळी बांधायला हवी. उज्वला म्हणते, हं. आणि आम्ही पुढचा घास घेतो.

उज्वला म्हणजे माझी पत्नी. मी निवृत्त शिक्षक. आम्ही नाशकात सातपूरच्या कामगार वसाहतीजवळच्या एका सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. आमच्या समोरच्या दारात शेखर आणि छाया. शेखर इथल्याच एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाला. त्यांची नात चैताली पाचवीत आहे. तिचे आईवडील दोघंही कारखान्यात जातात, त्यामुळे ती आजीआजोबांकडे असते. म्हणजे कागदोपत्री तिकडे असते. जेवायची तिकडे, अभ्यासाला आमच्याकडे, आणि झोप येईल तिथे झोपायची. दोन्ही घरांची दारं सकाळी उघडली की रात्रीच लागत. मधली जागा दोघांची. तिथे दोन्ही घरांच्या चपला एकमेकांत मिसळून पडलेल्या असत.

पापडाची पद्धतही तशीच होती. नागली निवडायची, भिजवायची, दळून आणायची, ते काम उज्वलाचं. आधणात मीठ आणि पापडखार किती टाकायचा, ते छायाच्या हाताला माहीत. उज्वलाने कधी खाराला हात लावला नाही, छायाने कधी पिठाची चौकशी केली नाही. आज आमचे, उद्या त्यांचे, परवा खालच्या मजल्यावरच्या कुणाचे. ज्यांचे पापड त्यांच्या घरी सगळ्यांचा चहा, आणि सगळ्या मुलांना उकड. कुणी कुणाला काही विचारत नसे. पंचवीसएक वर्षं हे विनासायास चाललं होतं. म्हणजेच, ते आमच्या, पुरुषांच्या, लक्षात आलेलं नव्हतं.

लक्षात आणून दिलं ज्ञानेशने. हा माझा पुतण्या, मूळ नामपूरचा. नाशकात तो काहीतरी सल्ला देण्याचं काम करतो. कुणाला आणि कसला, ते मला त्याने दोनदा समजावून सांगितलं आहे. एका रविवारी जेवताना त्याने तळलेला पापड उजेडात धरला, इकडून पाहिला, तिकडून पाहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्या घरात स्टार्टअप पडून आहे."

मी ताटाखाली पाहिलं.

मग त्याने तासभर सांगितलं. नागलीला आता शहरात फार मान आहे. लोक ती डॉक्टरांच्या सल्ल्याने खातात. ब्रँड हवा, नोंदणी हवी, पाकीट हवं. त्याने नावही सुचवलं: 'नागली नेशन'. उज्वला म्हणाली की आम्हाला काय करायचंय, चार घरांचे पापड होतात ते पुरे आहे. छायाही तेच म्हणाली. पण शेखर आणि मी नुकते निवृत्त झालो होतो. मुलांनो, तुम्ही निवृत्त माणूस सकाळी अकरा वाजता पाहिला आहे का? पेपर वाचून झालेला असतो, आंघोळ झालेली असते आणि जेवायला अजून वेळ असतो. अशा माणसाला कुणी 'उद्योग' म्हटलं की तो चप्पल शोधायला लागतो.

कायद्याचं काम नीट करायचं यावर मी ठाम होतो. माझी एक विद्यार्थिनी, दीपमाला, वकील आहे. शहरातल्या द्वारका सर्कलजवळ तिचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या चौकातला आवाज आत येऊ नये म्हणून तिने खिडक्या कायमच्या बंद केल्या आहेत. तरीही बोलताना दर वाक्यात एक हॉर्न येतो. तिने उठून नमस्कार केला, चहा सांगितला आणि अगदी मी तिला शिकवत असे तसं, सावकाश, आम्हाला समजावलं.

"सर, भागीदारी करा किंवा मर्यादित जबाबदारीची भागीदारी करा. पण तीन गोष्टी आधी घरी बसून ठरवा. कोण कोण, कुणाचं काय, आणि मोडायचं झालं तर कसं."

मुलांनो, ही तीन वाक्यं तुम्ही वहीत लिहून ठेवा. आम्ही लिहिली नाहीत.

मर्यादित जबाबदारी म्हणजे काय, ते तिने सांगितलं: धंदा बुडाला तर धंद्यात घातलेलं जातं, घरातली भांडी राहतात. शेखरला याचा राग आला. तो म्हणाला, "मॅडम, आम्ही काय पळून जाणारी माणसं वाटलो? जबाबदारी घ्यायची तर पूर्ण." मलाही ते पटलं. मर्यादित जबाबदारी हे शब्दच मला कुणी लग्नात जेवायला बोलावून भात वाढायचं टाळल्यासारखे वाटले. तेव्हा साधी भागीदारी ठरली, सगळ्यांनी सगळ्याला जबाबदार.

मोडायचं कसं, हा विषय निघाला तेव्हा शेखरने सरळ हात जोडले. "शुभ बोला मॅडम." करार अक्षय्य तृतीयेला करायचा होता. अशा दिवशी मोडण्याचं कलम कोण लिहील? लग्न ठरवताना आपण काडीमोडाची बोलणी करतो का? दीपमाला म्हणाली की लग्नाचं आणि धंद्याचं वेगळं असतं. मी तिच्याकडे शिक्षकाच्या प्रेमळ नजरेने पाहिलं. तिने पुढचा कागद ओढला. आता वाटतं, त्या नजरेचाही काही परवाना असायला हवा होता.

राहिलं कोण कोण आणि कुणाचं काय. इथे माझी एक ओळख करून दिली पाहिजे. आमच्या वसाहतीत कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकेचा मसुदा माझ्याकडे येतो. निदान तेव्हा येत असे. आमच्या भागात पत्रिका हे निमंत्रण नसतं, ती रुसव्यांची आगाऊ व्यवस्था असते. चुलते, मामा, मावसे, सरपंच, संचालक, माजी संचालक आणि तळाला बालगोपाळ. एखादं नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येतो, पण जेवत नाही. माझ्या पत्रिकेवरून कुणी उपाशी गेलेलं नाही, हा माझा लौकिक होता.

मी तेच कलमदान घेऊन भागीदारीच्या करारनाम्याला बसलो.

उज्वला आणि छाया तर हव्यातच. त्यांचे पती म्हणून शेखर आणि मी. कल्पना ज्ञानेशची, त्याला कसं वगळायचं? ज्ञानेशला घेतलं आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या वहिनीला, नवसाबाईंना घेतलं नाही, तर मी नामपूरला तोंड कसं दाखवू? आणि सोसायटीचे अध्यक्ष पुंजाराम आप्पा. ते तळमजल्यावर राहतात, त्यांचा पापडाशी संबंध खाण्यापुरता. पण गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. सगळी नावं मी सुवाच्य अक्षरात लिहिली. कुणाचं काय, या प्रश्नासमोर लिहिलं: 'सर्वांचे सर्व'. त्या दोन शब्दांवर मी बराच वेळ खूश होतो.

तळाला मी बालगोपाळ म्हणून चैतालीचं नाव घातलं.

दीपमालाने मसुदा वाचला. वाचताना तिने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ती म्हणाली की बाकीच्यांबद्दल जे सांगायचं होतं ते तिने आधीच सांगितलं आहे, पण अठराच्या आतलं मूल भागीदार होऊ शकत नाही. सगळ्यांची संमती असेल तर त्याला नफ्यातला वाटा देता येतो. तोट्यासाठी मात्र त्याला स्वतःला धरता येत नाही. मी घरी येऊन हे चैतालीला उदाहरणासह शिकवलं. ती नेहमीसारखी खिडकीत पाय वर घेऊन बसली होती.

"म्हणजे झालं तर माझं, नाही झालं तर तुमचं?" तिने विचारलं.

"बरोबर."

"आणि मला काय मिळणार?"

"उकड," मी म्हटलं. "रोजची वाटी. फर्म आहे तोवर."

"आणि फर्म नसली तर?"

मी म्हटलं की मूल आपला संबंध तोडताना आपला वाटा मागू शकतं, कायद्यात तशी सोय आहे. तिने मान डोलावली. या मुलीला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नाही. शिक्षकाला यापेक्षा मोठं सुख नाही आणि, पुढे कळलं, यापेक्षा मोठी अडचणही नाही.

करारावर सही करायला वहिनी नामपूरहून एसटीने आल्या. त्यांनी कागद मुलाकडून वाचून घेतला. मी सवयीने हजेरीपटासारखी नावं लावली होती, आधी मुलगे, मग मुली, अक्षरांच्या क्रमाने. त्यामुळे ज्या दोघी पापड करणार त्या पाचव्या-सहाव्या आणि घरातली सगळ्यात मोठी बाई शेवटी आली होती, थेट चैतालीच्या डोक्यावर. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, मनं नाव खाले का शे?" त्या एवढंच म्हणाल्या आणि पदर सावरून खिडकीबाहेर बघत बसल्या. नवा स्टॅम्पपेपर आणावा लागला. वहिनी वर गेल्या. मग आप्पांना वाटलं की अध्यक्षांच्या वर कुणी असू नये. आणखी एक स्टॅम्पपेपर. शेवटी नावं गोलाकार लिहावीत असं मी सुचवलं, तेव्हा दीपमालाने मला पाणी दिलं.

फर्मचं नाव मात्र एकमताने ठरलं: 'उज्वल-छाया गृहउद्योग'. पाकिटावर दोघींचा फोटो. फोटो काढणारा मुलगा त्यांना हसा म्हणत होता आणि दोघी घड्याळाच्या दुकानात आल्यासारख्या गंभीर उभ्या होत्या. मग चैतालीने त्याच्या मागे उभं राहून आप्पांसारखं तोंड केलं आणि दोघी खरोखर हसल्या. तेच चित्र पाकिटावर आलं. अजून आमच्या माळ्यावर त्या चित्राची बंडलं आहेत. मी माळा उघडायचं टाळतो.

यानंतर परवानग्या. खाद्यपदार्थाच्या नोंदणीला जागेचा पत्ता हवा, जागेला सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं, आणि ते द्यायचं अध्यक्षांनी. भागीदार पुंजाराम यांनी अध्यक्ष पुंजाराम यांच्याकडे अर्ज केला. अध्यक्षांनी तो फेटाळला. मी विचारलं, आप्पा, असं कसं? ते म्हणाले, सर, खुर्चीत बसलो की मी माझासुद्धा नसतो. सर्वसाधारण सभेत विषय आला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्यांनी विचारलं की आमचं नाव भागीदारीत का नाही? मला माझा लौकिक जाताना ऐकू आला. पत्र मात्र सभेने दिलं.

जसजसे कागद पूर्ण होत गेले तसतशी गच्ची बदलली. नोंदणीच्या कचेरीतून सूचना आली की उघड्यावर पदार्थ सुकवताना पक्षी येता कामा नयेत, म्हणून ती हिरवी जाळी आली. जाळीखाली ऊन कमी पडे, पापड दोन दिवस ओलेच राहत. टोप्या आल्या, हातमोजे आले. उज्वलाने मोजे घालून लाटी हातात घेतली, थोडी दाबली, पुन्हा दाबली आणि म्हणाली, "हिला ताप आहे की नाही, तेच कळत नाही." उकड बरोबर झाली की नाही हे तळहाताला कळतं, मोज्याला कळत नाही. पहिल्या दिवशीचे निम्मे पापड फाटले. त्या दोघी मुकाट्याने फाटलेले गोळा करत होत्या आणि ज्ञानेश त्याला 'वेस्टेज' म्हणत होता.

मग त्याच्या लक्षात आलं की गच्चीवर एक लहान मूल काठी घेऊन बसलं आहे. तो घाबरला. कुणी पाहिलं तर बालमजुरी म्हणतील, तो म्हणाला. जाळीमुळे कावळ्यांचा प्रश्न मिटलाच आहे. तेव्हा चैतालीला गच्ची बंद. आणि उत्पादनातली उकड वाटायची नाही, कारण तिचा हिशेब लागत नाही. चैताली काठी घेऊन खाली आली, ती आमच्या दाराच्या कोपऱ्यात उभी केली आणि मला म्हणाली, "नफा थांबला." मी म्हटलं, थोडे दिवस. तिने मला पुढे काही विचारलं नाही. मुलं विचारायची थांबतात तेव्हा फार जपून राहावं.

घात केला तो मात्र आप्पांनी, तोही चांगल्या मनाने. ते एका ओळखीच्या कंत्राटदाराकडे वास्तुशांतीला गेले होते. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. पंगतीत आप्पांनी शब्द दिला की लग्नात पानावर नागलीचे पापड आमच्या फर्मचे, हाताने लाटलेले, अख्ख्या मांडवाला पुरतील इतके. घरी येऊन त्यांनी ही बातमी पेढे वाटून सांगितली.

मी दीपमालाला फोन केला. म्हटलं, असा कुणीही परस्पर शब्द दिला तर आम्हाला तो बांधतो का? पलीकडे एक हॉर्न वाजला.

"सर, ते भागीदार आहेत. धंद्याच्या कामात त्यांनी दिलेला शब्द फर्मचा शब्द. म्हणजे तुमचा, काकूंचा, सगळ्यांचा."

"पण त्यांना पापड लाटता येत नाही."

"कायदा ते विचारत नाही, सर."

उज्वला आणि छाया जमेल तेवढं करत राहिल्या. जाळीखाली पापड सुकेनात. छायाची बोटं खाराने फुटली. लग्न जवळ आलं तेव्हा निम्मीही रास झाली नव्हती. मग शेखरने आपल्या स्टोअरकीपरच्या डोक्याने प्रश्न सोडवला. स्टोअरमध्ये माल कमी पडला की बाहेरून आणायचा. त्याने द्वारकेजवळच्या एका दुकानातून मशीनचे पापड आणले, आपल्या पाकिटांत भरले आणि पोहोचते केले. कुणाला सांगितलं नाही. त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मशीनचे पापड एकसारखे गोल असतात. लग्नातल्या बायकांनी ते पानावर पाहिले आणि तिथेच ओळखले. त्यात ते तांदळाचे निघाले, नागलीचा नुसता रंग होता. दोन दिवसांनी कंत्राटदाराची बायको आमच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. हातात एक पाकीट धरलं आणि जमलेल्यांना ते हसरं चित्र दाखवत म्हणाली की या दोघी बघा, आम्हाला फसवून कशा हसताहेत.

छाया जिन्यात होती. उज्वला वरून कठड्यावरून बघत होती. शेखर भाजी आणायला गेला होता.

बाई गेल्यावर छाया वर आली. मधल्या जागेत, चपलांपाशी, दोघी समोरासमोर आल्या. मी दारात होतो. अशा वेळी शिक्षकाने काहीतरी बोलायला हवं. माझ्या डोक्यात करारातलं एक कलम आलं आणि गेलं.

उज्वला म्हणाली, "शेखरभाऊंनी आणले, तर तुला माहीत असणारच."

फुटलेली बोटं छाया पदराने पुसत राहिली.

"ताई, पंचवीस वर्षं आधणात खार मी टाकला," ती म्हणाली. "तुम्ही एकदा तरी चाखून बघितलं?"

"नाही."

"मग आज का चाखताय?"

ती आत गेली आणि दार लावलं. जोरात नाही, हळूच, कडीचा आवाज येईल इतपत. इतक्या वर्षांत दिवसा ते दार लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यावर बाहेरच्या बाजूने गणपतीचं स्टिकर आहे, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

छायाला भागीदारीतून बाहेर पडायचं होतं. मोडायचं कसं, ते आम्ही शुभ दिवस म्हणून लिहिलं नव्हतं. कायद्याने मात्र आमच्यासारख्यांची सोय केलेली आहे: मुदत ठरलेली नसेल आणि दुसरं काही ठरलेलं नसेल, तर कुणाही भागीदाराने इतर सगळ्यांना लेखी नोटीस दिली की फर्म संपते. दीपमालानेच ती नोटीस लिहून दिली. तिने मला आधी फोन करून विचारलं होतं, सर, लिहू ना? मी म्हटलं, लिही. शुद्ध लिही.

ती स्पीड पोस्टाने आली. मुलांनो, समोरच्या दारातून आमच्या दारात यायला तीन पावलं लागतात. ते पाकीट आधी पोस्टात गेलं, तिथून शहरात कुठेतरी छाननीला गेलं, पुन्हा सातपूरला आलं, मग आमच्या जिन्याने वर आलं. उज्वला तेव्हा भाजी घ्यायला गेली होती आणि मी आंघोळीला. पोस्टमन जुना. आमच्याकडे कुणी उघडलं नाही की पत्र समोर द्यायचं, ही त्याची नेहमीची पद्धत. त्याने छायाची बेल वाजवली आणि म्हणाला, "वहिनी, सरांचं हाय, घेऊन ठेवता का?"

मी टॉवेल गुंडाळून दार किलकिलं केलं तेव्हा छाया ते पाकीट हातात धरून उभी होती. वरचं अक्षर तिचंच होतं. पोस्टमन सही कुठे करायची ते दाखवत होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "त्यांचं त्यांना द्या," ती म्हणाली. मी ओल्या हाताने सही केली.

फर्म संपली. आप्पा म्हणाले की अध्यक्ष या नात्याने त्यांना वाईट वाटलं. वहिनींना नोटीस नामपूरला गेली. तिथे त्यांनी ती देवघरात ठेवली आहे, कारण तिच्यावर त्यांचं नाव सगळ्यात वर आहे. ज्ञानेश आता मशरूमविषयी सल्ला देतो. पाकिटं बंद करायचं यंत्र कुणाकडे जावं हे ठरेना, म्हणून ते मधल्या जागेत पडून आहे, चपला असत तिथे. आता चपला ज्याच्या त्याच्या घरात असतात. वसाहतीत या वर्षी तीन लग्नं झाली. पत्रिका छापखान्यातच तयार झाल्या. एकीत माझं नाव होतं, मला वाटतं तळाला. मी जेवून आलो.

चैतालीला तिच्या आजोबांनी क्लास लावला. सकाळी ती दप्तर घेऊन जाते आणि दुपारी परत येते. माझ्या खिडकीतून तिची वेणी दिसते. तिची अर्धी सोडवलेली गणितं माझ्याकडे आहेत. कावळ्यांची काठीही दाराच्या कोपऱ्यात आहे.

मग पुन्हा एप्रिल आला. उज्वलाने सवयीने नागली निवडली, भिजवली, दळून आणली आणि डबा भरून ठेवला. मग त्या डब्याचं काय करायचं ते तिला सुचलं नाही. मीही विचारलं नाही.

काल दुपारी आमची बेल वाजली. चैताली होती. ती पूर्वी कधी बेल वाजवत नसे. थोडी उंच झाली आहे. हातात ती जुनी वाटी होती.

"सर आजोबा, फर्म मोडली ना?"

"मोडली."

"मग मी संबंध तोडायला आले आहे. माझा वाटा द्या."

मी तिला समजावलं की फर्मला नफा झालाच नाही, उलट तोटा झाला. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, मी ऐकून घेतो तसंच, मान किंचित कलती करून.

"तोटा मला लागत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत. माझी उकड राहिली आहे. जाळी बांधल्यापासूनची."

शिकवलेलं खोटं कसं म्हणणार? मी मागे वळून पाहिलं. उज्वला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पुढे येऊन तिने चैतालीच्या हातातली वाटी घेतली, आत गेली, डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि ती वाटी पिठाने भरून घेऊन आली. पाठीत वाकून तिने ती चैतालीच्या हातात दिली.

"एवढंच आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "नुसत्या पिठाची उकड होत नाही, बाळा. खार लागतो."

चैतालीने वाटीत बघितलं, मग उज्वलाकडे, मग समोरच्या बंद दाराकडे. ते तिचंच घर होतं. ढकललं असतं तर उघडलं असतं; दुपारी कडी नसते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

तिने ते ढकललं नाही. वाटी सांभाळत, पाकिटांचं यंत्र पायाने बाजूला सरकवून तिने वाट केली आणि कोपराने आपल्याच घराची बेल दाबली. आतून छायाचा आवाज आला, कोण आहे. चैताली दोन दारांच्या मधोमध, जिथे पूर्वी चपला असत तिथे, मांडी घालून खाली बसली आणि वाटी समोर ठेवली.